करून बघायला काय जातंय?

आमचा मोत्या खाजवायला लागला, एवढंच झालं होतं. कुत्रा आहे, खाजवणारच. पण आपल्याकडे माणसाने काय आणि कुत्र्याने काय, चारचौघांत खाजवू नये. चौघेही उपाय सांगतात. सकाळी त्याला खाली फिरवायला नेलं, तर लिफ्टमध्ये एकाने खोबरेल सांगितलं, गेटवर वॉचमनने राख सांगितली, इस्त्रीवाल्याने आंबट ताक सांगितलं, आणि पेपर टाकणारा मुलगा सायकलवरून न उतरता "कापूर!" एवढंच ओरडून गेला. घरी परतलो तेव्हा माझ्याकडे भरपूर उपाय होते आणि मोत्याकडे होती तेवढीच खाज.

उपाय सांगणारा माणूस ओळखायला सोपा असतो. तुमची अडचण तो पुरती ऐकून घेत नाही. निम्म्यातच आवाज उतरवतो, इकडेतिकडे बघतो, जणू एखाद्या औषध कंपनीचा माणूस जिन्याखाली दबा धरून बसलाय. मग म्हणतो, "एक करा." या 'एक करा'मध्ये किमान पाच गोष्टी असतात. त्यातली एक काष्ठौषधींच्या दुकानाशिवाय मिळत नाही आणि एक सूर्योदयाच्या आत करायची असते. तुमच्या चेहऱ्यावर शंका दिसली, की तो शेवटचं अस्त्र काढतो: "अहो, करून बघायला काय जातंय?"

काय काय जातं, ते आता मी तपशीलवार सांगू शकतो.

मोत्याच्या कानामागे बोटं घातली तर हाताला काहीतरी टम्म लागलं. केस बाजूला सारून बघितलं. राखाडी, गुळगुळीत, मुगाच्या दाण्याहून मोठी गोचीड. डोकं कातडीत रुतवलेलं, बाकीचा देह बाहेर निवांत. शेजारी दोन बारक्या, तपकिरी, चपट्या. बहुधा नंबर लावून बसलेल्या.

त्याच संध्याकाळी कराडहून आत्याचा फोन आला. तिचा डॉक्टरांवर विश्वास नाही असं कुणी म्हणू नये. स्वतःच्या मुलाला तिने डॉक्टर केलं. फक्त त्याचं औषध ती घेत नाही.

"कडुलिंबाचा पाला उकळ," आत्या म्हणाली, "आणि त्या पाण्याने तीन दिवस आंघोळ."

"मी?"

"तू कशाला? कुत्रा! तू केलीस तरी बिघडणार नाही म्हणा."

पुण्यात कडुलिंब गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी मंडईत ढिगाने असतो. इतर दिवशी पाला मागितला तर भाजीवाली आधी तुमच्याकडे आणि मग तुमच्या डोक्यावरच्या केसांकडे बघते. आमच्या सोसायटीत एक कडुलिंब होता. तो पार्किंगसाठी गेला. सोसायटीच्या नावात मात्र 'वृक्ष' अजून आहे. शेवटी मागच्या गल्लीतल्या एका बंगल्याच्या कुंपणाबाहेर आलेली फांदी मी भरदुपारी, छत्रीच्या मुठीने ओढून, चोरासारखी तोडली. बंगल्याच्या मालकांनी गॅलरीतून बघितलं. मला वाटलं आता ओरडणार. ते म्हणाले, "गोचिडींसाठी ना? नुसत्या पाल्याने नाही जायच्या. एक करा…"

एवढा पाला मावेल असं घरात एकच पातेलं होतं, मोदकपात्राचं. त्यात पाला रटरटा उकळला. घरभर असा वास सुटला की समोरच्या काकू "कुणाला कांजिण्या झाल्यात का?" असं विचारून गेल्या. पातेलं नंतर तीनदा घासलं, चिंच लावली, राख लावली. तरी पुढच्या संकष्टीला मोदक कडू झाले. बायको पानावर बसल्या बसल्या शांतपणे म्हणाली, "बाप्पांनी एक जरी खाल्ला असता ना, तर विसर्जनाची वाट बघितली नसती."

आंघोळीचं वर्णन करत नाही. मोत्या देशी आहे, अंगाने मजबूत आहे आणि पाणी हा त्याच्या मते पिण्याचा पदार्थ आहे. एका हाताने त्याचा पट्टा आणि दुसऱ्या हातात फोन, कारण 'कोमट' म्हणजे नेमकं किती हे मी फोनवर वाचत होतो. मोत्याने अंग झाडलं आणि फोन टबात गेला.

भिजलेल्या फोनचा उपाय सगळ्या जगाला माहीत आहे: तांदळाच्या डब्यात ठेवा. मीही ठेवला. २०२४ साली अॅपलनेच सांगितलं, की भिजलेला फोन तांदळात ठेवू नका, तांदळाचे बारीक कण आत जाऊन तो आणखी बिघडू शकतो. पण हे ज्या फोनवर वाचायचं, तोच तांदळात असेल तर माणसाने करायचं काय? दोन दिवसांनी फोन बाहेर काढला. चार्जिंगच्या भोकात कणी अडकली होती. बायकोच्या फोनवरून आत्याला सांगितलं.

"कुठला तांदूळ होता?" आत्याने विचारलं.

"आंबेमोहोर."

"तरीच! जुना कोलम लागतो त्याला."

हे 'तरीच' मला पुढे वारंवार भेटणार होतं. घरगुती उपाय कधी फसत नाही. फसतो तो करणारा. प्रत्येक उपायाला एक छुपी अट असते, विम्याच्या कागदावरच्या बारीक अक्षरांसारखी, आणि ती उपाय वाया गेल्यावरच वाचून दाखवली जाते. कडुलिंबाच्या तीन आंघोळींनंतरही मोत्या खाजवतच होता, तेव्हा कळलं की पाला उन्हं यायच्या आत तोडायचा असतो. "भरदुपारी तोडलास? त्यातला अर्क उडून गेला असणार!" हे आत्याने इतक्या ठामपणे सांगितलं की मला तो अर्क बंगल्याच्या कुंपणावरून उडून जाताना दिसला.

तसं बघायला गेलं तर चौथ्या दिवशी ती टम्म गोचीड खाली पडली होती. बी विंगमधल्या काकांनी ती बघितली आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "आला की नाही गुण?" पुढे डॉक्टरांनी सांगितलं, की पोट भरलं की गोचीड आपली आपण गळून पडते. मग ती मादी भिंतीच्या एखाद्या फटीत शिरते आणि हजारो अंडी घालून मोकळी होते. म्हणजे काका मला गुण आला म्हणून टाळी देत होते, तेव्हा ही बाई आमच्या हॉलमध्ये बाळंतपणासाठी जागा शोधत होती.

खाजवून खाजवून मोत्याच्या पाठीवर जखमा झाल्या. जखम म्हटल्यावर मराठी घरात दुसरं काही सुचतच नाही. हळद! खोबरेलात कालवून, चांगली दाट, मानेपासून शेपटीपर्यंत. मोत्या पांढराशुभ्र आहे, म्हणून तर त्याचं नाव मोत्या. अर्ध्या तासात मोत्याचा पुष्कराज झाला.

नुसता तो झाला असता तर एक वेळ चाललं असतं. पण हळद लावलेला कुत्रा एका जागी बसत नाही. तो सोफ्यावर बसला, पडद्याला घासला, बायकोच्या ठेवणीतल्या चादरीवर लोळला आणि मग दार उघडं दिसताच खाली पळाला. जिन्यात दूधवाल्याने हात जोडले. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो, हे जेजुरीला गेलेल्या कुणालाही माहीत आहे, आणि इथे तर साक्षात भंडाऱ्यात न्हालेला कुत्रा जिना उतरत होता. वॉचमन मूळचा जेजुरीजवळचा. त्याने "येळकोट येळकोट!" असा जो आवाज दिला, त्याला पहिल्या मजल्यावरून "जय मल्हार!" असं उत्तरही आलं.

सोसायटीत भटक्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणाऱ्या एक ताई आहेत. त्यांना मात्र यात भक्ती दिसली नाही. त्यांनी मोत्याचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि मला थांबवलं.

"२०१७ साली तळोज्याला काय झालं होतं, आठवतंय? कारखान्याचा रंग कासाडी नदीत सोडला आणि रस्त्यावरची कुत्री निळी झाली. हा पिवळा कशाने झाला? यामागे कोण आहे?"

आता यांना काय सांगणार? तळोज्यात कुत्र्यांच्या मागे कारखाना होता. आमच्याकडे आत्या होती.

पिवळा कुत्रा धुवायला हवा, यावर घरात एकमत झालं. काका म्हणाले, "कपड्याचा साबण घ्या. अंगाच्या साबणाला हळद दाद देत नाही." कपड्याचा साबण चोळला आणि मोत्या लाल झाला. अगदी विटकरी लाल. मी किंचाळलो, मला वाटलं रक्तच आलं. मुलगी दहावीत आहे. ती बाथरूमच्या दारात उभी राहून, सफरचंद खात म्हणाली, "बाबा, साबण आम्लारी असतो. हळद आम्लारीत लाल होते. हळदीत चुना घालून कुंकू करतात ना, तसंच." पाणी ओतलं तर मोत्या परत पिवळा. साबण लावला की लाल, पाणी ओतलं की पिवळा. विज्ञान शिकण्याची ही पद्धत चांगली आहे, पण त्यासाठी कुत्रा ओला करायची गरज नव्हती. हळदीचा रंग उन्हात उडतो, हेही मुलीनेच सांगितलं. त्यामुळे नंतरचे काही दिवस सकाळी आमच्या गॅलरीत एका बाजूला चादर, मध्ये सोफ्याची कव्हरं आणि दुसऱ्या बाजूला मोत्या, असं वाळवण घातलेलं असे.

जखमा? त्या होत्या तिथेच.

"हळद पाकिटातली होती का?" आत्या म्हणाली. "तरीच! सांगलीची हळकुंडं आणून घरी कुटायची असते."

दरम्यान बाथरूमची मोरी तुंबली. का तुंबणार नाही? तीन आंघोळींचा पाला, मोत्याचे केस आणि त्यावर खोबरेल-हळदीचं लिंपण. पाणी घोट्यापर्यंत यायला लागलं. आता खरं म्हणजे प्लंबरला बोलवायचं. पण घरात उपायांचं वारं शिरलं, की माणसाला प्लंबरला बोलावणं म्हणजे पराभव वाटतो. मोबाइलवर तर या विषयावर व्हिडिओंचा पूर आलेला. सगळ्यांत एकच हात दिसतो, बांगड्या घातलेला; तो मोरीत खायचा सोडा टाकतो, वर व्हिनेगर ओततो आणि मग फसफस फसफस फेस येतो. हात अंगठा दाखवतो.

फेस आला की काम होतंय असं माणसाला वाटतं. ही आपली जुनी समजूत आहे. दात घासताना फेस हवा, कपडे धुताना फेस हवा, भाषण करताना तोंडाला फेस हवा. मी सोड्याचं अख्खं पाकीट आणि व्हिनेगरची बाटली रिकामी केली. असा फेस आला की मोत्या भुंकायला लागला. मीही अंगठा दाखवला. फेस खाली बसला आणि पाणी जिथल्या तिथे होतं.

"बाबा," मुलगी परत दारात, या वेळी केळं, "सोडा आम्लारी, व्हिनेगर आम्ल. दोघं एकत्र आले की एकमेकांचा कारभार संपवतात. तो फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड. खाली उरलं ते खारट पाणी."

"मग व्हिडिओत कसं मोकळं झालं?"

"त्यांचं तुंबलेलंच नव्हतं."

दहावीच्या मुलांना इतकं स्पष्ट बोलायला कोण शिकवतं कुणास ठाऊक. मी त्या दिवशी आणखी एक बाटली व्हिनेगर आणून ओतलं, केवळ वडीलकीच्या नात्याने.

शेवटी प्लंबर आला. त्याने नहाणी ट्रॅपचं झाकण काढलं, आत तार घातली आणि हिरवा-पिवळा, केसाळ, तेलकट असा एक ऐवज वर काढला. हुंगून बघितला. "साहेब, लोणचं घालायला घेतलं होतं काय?" पैसे घेताना त्यानेही एक उपाय सांगितला: दर अमावास्येला मोरीत किटलीभर गरम पाणी ओता.

"अमावास्येलाच का?"

"लक्षात राहतं."

या सबंध प्रकरणात मला पटलेला हा पहिला माणूस.

पण व्हिनेगरचा वास गेला नाही. तो वास चिलटांना फार आवडतो. दोन दिवसांत बाथरूममध्ये, मग स्वयंपाकघरात, मग देवघरातल्या केळ्यांवर चिलटांचे थवे आले. काकूंनी लिंबात लवंगा टोचून ठेवायला सांगितल्या. चिलटं लिंबावर बसली आणि लवंगांवर पाय पुसू लागली. मुलीने एका वाटीत उरलंसुरलं व्हिनेगर घेतलं, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला आणि वाटी ओट्यावर ठेवली. सकाळी वाटीत चिलटंच चिलटं. साबणाने पाण्याचा वरचा ताण मोडतो, त्यामुळे वर बसायला जातात ती बुडतात. हा उपाय चालला. पण तो दहावीच्या पोरीने, कसलीही छुपी अट न घालता आणि आवाज न उतरवता सांगितल्यामुळे सोसायटीत त्याला कुणी काही किंमत दिली नाही.

आणि तोवर उशीर झाला होता. चिलटांची खबर पालींना लागली होती.

पालींबद्दल आमच्या घरात दोन पक्ष नाहीत. बायको म्हणाली, "ती भिंतीवर आहे तोवर मी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही." म्हणजे पालीचा बंदोबस्त हा आता माझ्या दोन वेळच्या जेवणाचा प्रश्न झाला. जुन्या पंचांगांत पाल अंगावर कुठे पडली की काय फळ मिळतं, याचं कोष्टक असतं: डोक्यावर, खांद्यावर, उजव्या हातावर, डाव्या पायावर. पाल पडल्यावर काय होतं याची एवढी बारकाईने नोंद करणाऱ्या पूर्वजांनी ती पडू नये म्हणून काय करावं, हे मात्र लिहून ठेवलेलं नाही. ते काम सोसायटीवर सोडलंय.

पहिला उपाय, अंड्याची टरफलं. टरफल दिसलं की पालीला वाटतं इथे कुणीतरी मोठं जनावर राहतं, असं काका म्हणाले. आमच्याकडे अंडं येत नाही. रात्री नऊला, अंधार बघून, मी बी विंगमध्ये गेलो.

"काका, अंडी खाता ना?"

काकांनी दार अर्धं लोटून घेतलं. "हळू बोला. कुणी सांगितलं?"

"नाही, म्हणजे… ऑम्लेट तुम्ही खा. टरफलं मला द्या."

दुसऱ्या दिवसापासून सोसायटीत दोन बातम्या फिरल्या. काका अंडी खातात. आणि आमच्यावर टरफलं मागून न्यायची पाळी आलीय. टरफलं दिव्यांवर, खिडकीत, फ्रीजवर मांडली. पालीने एक रात्र विचार केला आणि फ्रीजवरच्या टरफलाला टेकून झोपली. मुंग्या मात्र आल्या. मुंग्यांचं सांगत बसलो तर लेख इथेच राहील.

मग मोरपीस. मोर पालींना खातो, म्हणून मोरपीस दिसलं की पाल पळते. या युक्तिवादात एकच त्रुटी आहे. आमची पाल तिसऱ्या मजल्यावर ट्यूबलाइटच्या मागे जन्मली, तिथेच लहानाची मोठी झाली. तिने मोर कधी पाहिलेला नाही. मोर १९६३पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे, पण ही माहिती तिच्यापर्यंत कशी पोचणार? ही शंका मी काकांना बोलून दाखवली. काकांनी चष्मा काढला.

"वासुदेव बघितलायस ना? डोक्यावर मोरपिसांची टोपी."

"बघितलाय."

"त्या टोपीवर कधी पाल बघितलीस?"

यावर मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही.

तुळशीबागेत मोरपीस मागितलं तर दुकानातल्या बाई म्हणाल्या, "कृष्णासाठी की पालीसाठी?"

"त्यात काही फरक असतो का?"

"पालीसाठी लांब दांडीचं लागतं. आखूड नेतात आणि मग म्हणतात गुण आला नाही."

निदान या बाईंनी अट आधी सांगितली, म्हणून मी दोन घेतली. घासाघीसही केली नाही.

पिसं फ्रीजमागच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावली. पाल आली, थबकली, पिसाच्या डोळ्याकडे तिने टक लावून बघितलं. बायकोने श्वास रोखून धरला, मी फोन वर धरला. पाल पिसावर चढली आणि त्या निळ्या डोळ्याच्या बरोबर मधोमध बसली. तिला शोभत होतं, हे मान्य करायला हवं. मोत्या इतका वेळ दारात बसून होता. घरात पंख आहे म्हणजे पक्षी आहे, एवढा तर्क त्याला करता येतो. त्याने खुर्चीवर उडी घेतली, तिथून ओट्यावर. पाल भिंतीवर पसार. मोरपीस मोत्याच्या तोंडात. मी धावलो तेव्हा त्याच्या ओठांतून हिरवा-निळा तुरा तेवढा बाहेर होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत तोही आत गेला.

आता डॉक्टरांकडे जाण्यावाचून इलाज नव्हता. वाटेत तीन जणांनी विचारलं, काय झालं. मी कुणालाही खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुत्र्याने मोरपीस खाल्ल्यावर काय करावं, याचाही उपाय निघाला असता.

डॉक्टरांचा दवाखाना त्यांच्या राहत्या बंगल्यातच, पुढच्या खोलीत आहे. फाटकाजवळ मला एक गंमत दिसली: लाल पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची बाटली, तारेने बांधून ठेवलेली. पुण्यामुंबईच्या कुठल्याही गल्लीत ती दिसते. ती ठेवली की कुत्री तिथे तंगडी वर करत नाहीत, असं म्हणतात. काही घरी लाल पाणी असतं, काही घरी निळं. जपानात मांजरांसाठी साध्या पाण्याच्या बाटल्या ठेवतात, म्हणजे हे वेड नुसतं आपल्यापुरतं नाही. पण कुत्र्यांच्या डॉक्टरच्या दारात, कुत्री येऊ नयेत म्हणून बाटली? मोत्याने ती हुंगली, माझ्याकडे बघितलं आणि तिच्यावरच तंगडी वर केली.

आत भिंतीवर पाटी होती: 'मनाने औषध देऊ नये. मांजराला पॅरासिटामॉल देऊ नये, जिवावर बेतते.' त्या पाटीखाली बसलेल्या सगळ्यांची कुजबुज चालू होती. बोक्यावाले लॅब्रॅडॉरवालीला उपाय सांगत होते, लॅब्रॅडॉरवाली सशावाल्या मुलाला. ससा तेवढा गप्प होता.

डॉक्टरांनी मोत्याचं पोट चाचपलं, फोटो काढला. "दांडीचा मोठा तुकडा दिसत नाही. जाईल निघून. उलट्या झाल्या किंवा खाणं थांबलं तर लगेच आणा." मग त्यांनी कातडी बघितली आणि पेन उचललं. "आतापर्यंत काय काय केलंत?"

मी सांगायला लागलो. कडुलिंबापाशी त्यांनी मान डोलावली. हळदीपाशी पेन खाली ठेवलं. कपड्याच्या साबणापाशी चष्मा काढून डोळे चोळले.

"तंबाखूचं पाणी? रॉकेल?"

"सांगितलं होतं दोघांनी. मी नाही लावलं."

"नशीब. विष आहे ते. खाण्यातून लसूण-बिसूण?"

"आत्याने सांगितलं होतं, पण घरात सध्या चातुर्मास आहे."

"उत्तम. याला बाराही महिने चातुर्मास पाळायला लावा. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, काही नाही." मग त्यांनी एक गोळी लिहून दिली. महिन्यातून एक, गोचिडी आपोआप मरतात. शिवाय भिंतीच्या फटी, सोफ्याच्या शिवणी साफ करायच्या, कारण खरी फौज तिथे असते. एवढंच. गोळीची किंमत ऐकून मला क्षणभर कराडची आत्या आठवली आणि तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ वाटेना. पण व्हिनेगर, सोडा, मोरपिसं, प्लंबर आणि फोन यांची बेरीज मनात केली आणि गप्प बसलो.

निघताना राहवलं नाही. "डॉक्टर, ती फाटकावरची लाल बाटली…"

"कुत्र्यांना लाल रंग नीट दिसतच नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यांना निळा आणि पिवळा कळतो. लाल म्हणजे त्यांच्या लेखी मळकट, करडं काहीतरी."

म्हणजे मोत्या पिवळा झाला होता तेव्हा गल्लीतल्या कुत्र्यांना तो आयुष्यात पहिल्यांदा इतका ठळक दिसला असणार. दोन दिवस सगळी त्याच्याशी अदबीने का वागत होती, ते आत्ता कळलं.

"मग तुमच्याच दारात कशी?"

डॉक्टरांनी आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज उतरवला. तसाच, जसा सगळे उतरवतात. "आईने ठेवलीय."

बाहेर पडवीत आई बसल्या होत्या, मांडीवर सुपात तांदूळ. मोत्याकडे बघून त्यांनी निवडायचं थांबवलं.

"गोचिडी का रे बाळा?"

"हो. डॉक्टरांनी गोळी दिलीय," मी म्हणालो.

"दे, दे. गोळी दे. तो शिकलेला आहे, त्याचं ऐकावं." मग त्यांनी आत नजर टाकली, सूप बाजूला सारलं आणि मला जवळ बोलावलं. "पण त्याआधी एक कर…"

"आई!" आतून डॉक्टर ओरडले.

मी खिशातला डॉक्टरांचा कागद काढला, उलटा केला, शर्टाचं पेन हातात घेतलं आणि पायरीवर टेकलो.

"हं, सांगा."